कोयनेच्या पाण्यात उतरलेली पहिली लाँच

सांगलीला कृष्णाकाठी कोंडीबांचा नावांचा कारखाना होता. उतारूंसाठी लाकडी नावा बांधण्यात त्यांची हयात गेली. पण नदीवर पूल होत गेले तशा नावा काठावर उलट्या पडू लागल्या. कोंडीबा गेले तेव्हा हातात कामच उरलं नव्हतं. थोरला मुलगा नाथाजी पलटणीतून नुकताच घरी आलेला. तिथं तो वेल्डिंग शिकला होता. "आता लोखंडाच्या लाँची बांधायच्या," तो म्हणाला तेव्हा भावकी हसली. धाकटा कृष्णात मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशीच तो काळा चष्मा लावून भावाशेजारी कामाला उभा राहिला.

चौऱ्याहत्तर साली पहिलं मोठं काम आलं. कोयनेच्या धरणामुळं पाटणच्या वरच्या अंगाची काही गावं पाण्यापलीकडं अडकली होती, त्यांना लाँच हवी होती. रस्त्याच्या वळणांतून अख्खी लाँच जाईना, म्हणून तिचे दोन तुकडे ट्रकनं नेले. ते पाण्याकाठी जोडायचं काम कृष्णातकडं होतं. अशात उद्घाटनाचा दिवस अचानक अलीकडं आला.

नाथाजी त्या सकाळी सांगलीहून पोचला तेव्हा नारळ फुटला होता. माणसं लाँचीत बसली होती. हरणाबाई नावाची म्हातारी ओल्या बाळंतिणीला, आपल्या सुनेला, घेऊन पुढच्याच फळीवर होती. नाथाजीनं वाकून सांध्यावर हात फिरवला. बोटांना ओला रंग लागला. रंगाखालचा सांधा दिसेना.

"समदी खाली उतरा," तो म्हणाला.

काम मिळवून देणारे पुढारी लालासाहेब तावातावानं पुढं आले. "आवं नाथाजीराव, साहेब लोक ताटकळल्यात. ह्यो काय खेळ मांडलाय?"

"आधी वाळूची पोती बसतील. मग माणसं."

कृष्णातचा चेहरा उतरला. "दादा, माज्या हातावर तुजा इस्वास न्हाई व्हय?"

सगळा काठ त्या दोघांकडं बघत होता.

"तू बी चल माज्यासंगं," तो एवढंच म्हणाला.

पोती भरून दोघं निघाले. इंजिन छान चालत होतं. कृष्णात पाठमोरा बसला होता. मधोमध वारा सुटला, लाँच एकदा जोरात आपटली आणि खालून करकर असा आवाज आला.

"दादा, पाणी!"

सांधा उकलत होता. कृष्णातनं अंगातला सदरा काढून फटीत कोंबला आणि वर गुडघा रोवून बसला. नाथाजीनं लाँच काठाकडं वळवली, सुकाणू एका हातानं धरून दुसऱ्या हातानं तो पोती पाण्यात लोटत राहिला. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं, इंजिन गुदमरून बंद पडलं. काठाजवळ येऊन लाँच बसली. दोघं छातीभर पाण्यातून चालत बाहेर आले.

काठावर हरणाबाईनं सुनेच्या कुशीतलं पोर उचलून स्वतःच्या छातीशी घट्ट धरलं.

साहेबांनी जाब विचारला. "कारखाना माजा, चूक बी माजी," नाथाजी म्हणाला. भावाचं नाव त्यानं घेतलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर कृष्णातनं सोसल्या असत्या. हे त्याला सोसलं नाही. तो तिथूनच पाचगणीला गेला आणि एका गॅरेजात राहिला.

नाथाजीनं लाँच ओढून काढली, सांधा कापून पुन्हा स्वतः जोडला. पावसाळा सरल्यावर ती माणसं घेऊन पलीकडं जाऊ लागली. त्यानंतर कारखान्याला काम कमी पडलं नाही.

कृष्णात दोन वर्षांनी सांगलीला परतला, पण त्यानं आपलं दुकान वेगळं थाटलं. सणाला दोन्ही घरं एकत्र जेवत. लाँचीचा विषय निघाला की भाऊ ताटात बघत.

"तवा नुसतं 'इस्वास हाय' म्हनला असता तर काय बिघडलं असतं?" नाथाजीच्या बायकोनं, अंजनानं, एकदा त्याला विचारलं.

"म्हनलो असतो," नाथाजी म्हणाला, "पर माणसं खाली उतरल्यावर. आन् तवर त्यो माज्याकडं बघायचा थांबला हुता."