शिडी, कपबशी आणि देवीचा नारळ

सत्तर सालानंतरची गोष्ट. खालापूरजवळ हायवेला लागून आमचं गाव, आणि हायवेवर माझं पंक्चरचं दुकान. पहिल्या खेपेला मी ग्रामपंचायतीत बिनविरोध निवडून आलो, कारण आमच्या वॉर्डातून दुसऱ्या कोणी अर्जच भरला नव्हता. तरी गुलाल मी असा उधळला की विचारू नका. त्या दिवसापासून मी मेंबर झालो. ट्रकवाले टायर दाखवताना "मेंबर, जरा बघा" म्हणायचे. बायको चारचौघींत "आमचे मेंबर" म्हणायची. मी ऐकलंच नाही असं दाखवायचो आणि ती पुन्हा कधी म्हणते याची वाट बघायचो.

कामं? केली की! विजेचा एक खांब आणला. तो नेमका माझ्याच दारात उभा राहिला, त्याला मी काय करू? एक गटार मंजूर करून घेतलं, ते वरच्या आळीत सुरू होऊन शेजाऱ्याच्या गोठ्यात संपलं. सभेत मी पाच वर्षांत तीनदा बोललो, त्यातलं एकदा पंखा लावा म्हणून. पण खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची पुन्हा हवी होती. मेंबर या हाकेची सवय लागली होती. ती गेली की मी नुसता पंक्चरवाला उरणार, या विचारानं जेवण गोड लागेना.

दुसऱ्या खेपेला समोर माणूस उभा राहिला. तोही कोण? माझ्या बायकोचा चुलतभाऊ! तिचं माहेर नि सासर एकाच आळीत, दोन्हींचा वॉर्ड एकच. त्याला निशाणी मिळाली कपबशी, मला शिडी. कपबशीवाल्याचं बरं असतं. घरोघर चहा पीत फिरलं की झाला प्रचार. मी आपली खरी शिडी खांद्यावर घेऊन निघालो. मे महिना, पावसाआधी छपरावरची कौलं फेरायचे दिवस. पहिल्याच घरात म्हातारा खूश झाला. "बरं झालं आनलीस रं, ठेव तिथं." तिथून शिडी दुसऱ्या घरी गेली, तिसऱ्या घरी गेली. सगळ्या आळीनं कौलं फेरून घेतली. मतदान झालं तरी माझी शिडी काही परत आली नाही.

त्यात जो भेटेल तो म्हणायचा, "मत तुमालाच." कपबशीवाल्यालाही तेच सांगत होते हे मला ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं. आमच्याकडे बांधाचं भांडण मिटवायचं तर देवीपुढे नारळावर हात ठेवून शब्द देतात, आणि तो शब्द कोणी मोडत नाही. म्हटलं, हेच करू! गुरवाकडून नारळ घेतला आणि एकेका घराला देवळात नेऊन शब्द घेतला. सुरुवात आपल्या घरापासून केली.

"मी पन?" बायको म्हणाली. "माजा इस्वास नाय तुमाला?"

"भाऊ आहे तो तुझा," मी म्हणालो.

ती माझ्यामागून देवळात आली. नारळावर हात ठेवला, पदर सावरला आणि माझ्यासाठी न थांबता घरी गेली. मला काय त्याचं! मी पुढचं घर हाकारायला लागलो.

दोनच दिवसांत कपबशीवाल्यानंही हेच सुरू केलं. तीच देवी, तोच गुरव, आणि नारळसुद्धा तोच! मी गुरवाला जाब विचारला, तर तो थंडपणे म्हणतो, "फोडला कुटं व्हता? चांगला हाय की अजून."

शाळेत मतमोजणी झाली. साहेबांनी एक मतपत्रिका वर धरली. शिडीवर एक शिक्का, कपबशीवर एक. "बाद," म्हणाले. थोड्या वेळानं तशीच दुसरी निघाली, मग तिसरी. अशा तब्बल चौदा!

"काय अडाणी लोक आहेत!" मी ओरडलो.

दाराशी माझी शिडी ठेवून घेणारा तो म्हातारा उभा होता. "अडानी कशाला रं? दोगांना देवीपुडं शबुद दिला. दोगांचा बी पाळला."

मी एका मतानं पडलो. एका! अजून एक मिळतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकली असती. वॉर्डाला शिव्या घालतच मी घरात शिरलो. दोन शिक्के मारणारे हरामखोर, लबाड, माझ्या शिडीवर चढून मलाच पाडणारे, असं बरंच काही. बायको तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्यातली येक मी हाय," ती म्हणाली.

"तू? अगं, तूसुद्धा?"

"भाऊ सुरवातीला मत मागाया आला तवा मी त्याला सरळ नाय म्हनलं व्हतं. तो गेला बी गुमान. मंग तुमी मला देवळात नेलंत, ते त्याला कळलं. म्हनला, ताई, दाजींसाटी नारळावर हात ठेवलास, माज्यासाटी नाय ठेवनार? आता त्याला काय सांगनार व्हते मी?"

"मग मला तरी सांगायचंस!"

"तुमी काय इचारलंत मला?" तिचे डोळे भरले होते. "अवो, तुमी निस्तं घरी बसून ऱ्हायला असता, तरी मी तुमालाच दिलं असतं."

मी उंबऱ्यावर बसलो. लाज वाटली, अगदी खरीखुरी लाज वाटली. अख्ख्या वॉर्डात एकच मत मला न मागता मिळणार होतं, आणि तेवढंच मी हाताला धरून देवळात नेलं आणि बाद करून आणलं.