ईश्वरीबाईंच्या तोंडून

नवसी बारवी धरणापलीकडच्या ठाकरवाडीतली. नवरा तापाने गेला तेव्हा जेमतेम विशीची, मूलबाळ नाही. काही महिने ती भावाकडे, पदूकडे राहिली आणि चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर वाडीतल्या एका बाईसोबत उल्हासनगरला कामाला आली. वाडी तशी लांब नव्हे, पण उल्हासनगरचा कॅम्प दोन, सिंधी निर्वासितांची वस्ती, तिला परमुलूखच वाटला. आजूबाजूला सगळे सिंधीत नाहीतर हिंदीत बोलत.

काम मिळालं ते आमच्या गल्लीतल्या ईश्वरीबाईंकडे. त्या बॅरकीच्या दोन खोल्यांत परकर शिवून घेत. नवसीने शिवलेल्या मालाचे धागे कापायचे. पहिल्याच सकाळी नळाला पाणी आलं का, असं कुणीतरी बाहेरून विचारलं आणि बाई आतून ओरडल्या, "पाणी आहे, पाणी आहे!" नवसीला वाटलं, म्हातारीला मराठी येतं. तिने आपली सगळी कहाणी सांगून टाकली. बाईंनी मान हलवत ऐकून घेतली. ते शब्द सिंधीतही तसेच असतात आणि बाईंना बाकीचं फारसं कळलेलं नाही, हे तिला पुढे महिन्याभराने समजलं. तोवर ती त्यांना अम्मा म्हणू लागली होती.

दोन वर्षांत ती मोडकीतोडकी हिंदी शिकली, थोडी सिंधीही. मग एकदा पदूचा निरोप आला: वांगणीकडचा देऊ, बायको वारलेला, दोन लहान पोरं, त्याला होकार दिलाय, निघून ये. नवसी दिवसभर धागे कापत बसली. संध्याकाळी तिने ईश्वरीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मीपण येते. वर्षानुवर्षं कॅम्पाबाहेर न पडलेली ती बाई बदलापूरहून एसटीने आणि पुढे डोंगरातून पायी, चप्पल हातात घेऊन वाडीवर पोचली.

पदूच्या अंगणात चार जाणती माणसं बसली होती. देऊही आला होता. बाई हिंदीत बोलायच्या, वाडीकरांना ती कळेना. त्यामुळे दोन्हीकडचं सांगायचं काम नवसीवरच आलं.

"लड़की से किसी ने पूछा?" ईश्वरीबाईंनी विचारलं.

नवसीने ते सांगितलं. पदू म्हणाला, "एकल्या बाईनं परक्या गावात कवर ऱ्हायाचं? उद्या आजारी पडली तं कोन बघंल?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. नवसीने तेही नीट सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मैं हूँ ना. मेरी बेटी जैसी है."

नवसी खाली बघत म्हणाली, "अम्मा म्हनते, नवसीला देऊच्या घरी जायाचं नाय. आता नाय न् मागनं बी नाय. तिला मशीन शिकायची हाय."

अंगणात सुकऱ्या होता. तो पालेगावला बांधकामावर जायचा, हिंदी जाणायचा. तो म्हणाला, "म्हातारी असं कायच बोलली नाय."

सगळे नवसीकडे बघायला लागले. तिने मान वर केली, असं तिनेच मला सांगितलं.

"नाय बोलली," ती म्हणाली. "मी बोलते."

काय झालं ते सुकऱ्याने बाईंना सांगितलं. त्या उठून नवसीच्या शेजारी जाऊन बसल्या, एवढंच. देऊ भला माणूस. "नाय म्हनते तं नाय," म्हणाला आणि टोपी घालून निघाला. पदू मात्र उठून घरात गेला. त्याच्या बायकोने, तानीने, दोघींना वालाची आमटी-भात वाढला आणि त्या निघाल्या.

परतताना एसटीत ईश्वरीबाई आधी चिडल्या. माझ्या नावावर खोटं का बोललीस, म्हणून ऐकवलं. मग बदलापूर येईपर्यंत स्वतःचं सांगत राहिल्या. कराचीहून जहाजाने आल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. काकाने कॅम्पातच एका बिजवराशी लग्न लावलं. नवरा वाईट नव्हता, पण त्याच्याशी जन्मभर त्या मनातलं काही बोलल्या नाहीत.

नवसी मशीन शिकली. बोटात दोनदा सुई गेली, तरी. पदू तीन वर्षं तिच्याशी बोलला नाही, मग हळूहळू बोलू लागला. त्र्याण्णवला तिने शहाडच्या जयदेवशी लग्न केलं. तो कापडाचा कटर, तिच्याहून एक वर्षाने लहान. त्या लग्नाला पदू तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन आला. ईश्वरीबाई खुर्चीवर बसून जेवणाऱ्यांना आग्रह करत होत्या, आणि आचाऱ्याशी भांडतही होत्या.

पुढे दोन वर्षांनी साखरेच्या आजाराने ईश्वरीबाईंचे डोळे गेले, मग पायही. सावत्र मुलगा अजमेरला न्यायला आला, पण त्या गेल्या नाहीत. नवसी शहाडहून रोज येऊन त्यांची वेणी घालायची आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते सांगत बसायची. अर्धं सिंधीत, अर्धं ठाकरीत. शेजारी बसून मलाही त्यातलं निम्मं कळायचं नाही.