ओप्पा आणि आप्पा
काल स्मोक अलार्मसाठी बॅटऱ्या शोधताना ड्रॉवरमध्ये कॉन्सर्टमध्ये हलवायचा दिवा सापडला आणि इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलच्या घरातली ती सकाळ आठवली. लेकीचा लाडका कोरियन बँड सैन्यातली सक्तीची सेवा संपवून पुन्हा एकत्र आला होता, आणि ती लंडनच्या तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत नखं खात बसली होती. एकदम किंचाळली, "नंबर लागला! ओप्पा येतायत!" पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेले माझे सासरे, आप्पा, दचकले. "अगं, माझा व्हिसा कुठे झालाय अजून?" "तुम्ही नाही हो आप्पा, ओप्पा! कोरियन मुली आवडत्या गायकाला म्हणतात तसं." "असं होय? मग माझंही तिकीट काढ." व्हिसा वेळेत आला आणि स्टेडियममध्ये दिवा हलवत "ओप्पा!" असं सगळ्यांत मोठ्यानं आप्पाच ओरडले. दिव्यातल्या बॅटऱ्या मी अलार्मला घातल्या; पुढच्या खेपेला आप्पा आले की नव्या आणू.