मेलं का गं त्ये?

माझा धाकटा भाऊ कांद्याची गाडी घेऊन आसामला गेला आणि येताना हिवताप घेऊन आला. ताप वाटेतच भरला होता. तिथल्या कुणा डॉक्टरनं गोळ्या दिल्या, ताप उतरला, गडी पुन्हा गाडीवर बसला. कळंबला घरी पोचला आणि थोड्याच दिवसांत परत फणफणला. पुन्हा त्याच गोळ्या, मग दुसऱ्या, मग सोलापूरचं हॉस्पिटल. मी हैदराबादहून निघाले तेव्हा तो बोलत होता. नळदुर्ग मागं पडलं आणि फोन आला की आता बोलत नाही. दोन दिवसांनी गेला.

मी हैदराबादला एका प्रयोगशाळेत हिवतापावरची नवी औषधं घडवते. ज्या जंतूंना जुन्या औषधांचं काहीच वाटेनासं झालंय, त्यांच्यासाठी नवी. हे कुणाला सांगायची आता मला चीड येते, कारण ऐकलं की समोरचा एकच गोष्ट बोलतो. तेराव्याच्या जेवणाला चुलतेही तेच बोलले, एवढं शिकून काय दिवे लावले म्हणून. मी पानावरून उठले. बसले असते तर त्यांचा मान राहिला नसता. भाऊ असता तर त्यानं हसून घालवलं असतं. तो मला ‘डासाची डाक्टरीण’ म्हणायचा.

हॉस्पिटलात असताना त्याच्या रक्ताची एक नळी अभ्यासासाठी घेतली होती. मीच सुचवलं, आई हो म्हणाली, परवानगी रीतसर झाली. त्या रक्तातला जंतू आमच्या प्रयोगशाळेत जगला. जगला कसला, आम्हीच जगवला. त्याला माणसाच्या रक्ताशिवाय काही चालत नाही. बाटलीत, अंगाइतक्या उबेत ठेवून त्याला दुसऱ्या माणसाचं रक्त घालत राहावं लागतं. तांबड्या पेशीत शिरतो, आतून खातो, फोडून बाहेर येतो, दुसरीत शिरतो. भाऊ मातीत गेला आणि त्याला खाणारं ते माझ्या टेबलावर खुशाल वाढत होतं. हातमोजे घालून मी त्याचं खाणंपिणं बघत होते.

हे मी आईला सांगितलं, कारण तिनं विचारलं. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप करून त्यात पांडव म्हणून पाच दगड मांडतात, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील नेतात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. आईची येळवस चार गावांत नावाजलेली. पहिल्या साली दुःखच होतं, झाली नाही. दुसऱ्या साली शेजारणी विचारायला आल्या तेव्हा तिनं सांगून टाकलं की बाटलीतलं ते मरेल त्या साली रानात पाऊल टाकीन, तोवर न्हाय. दर रविवारी फोन करायची. तब्येत, पाऊस, सोयाबीन हे सगळं नंतर. आधी एकच.

“मेलं का गं त्ये?”

“नाही गं अजून.”

तिला कसं सांगू की मरत का नाही. जुनं औषध जंतूच्या आत एका खाचेत जाऊन बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. जंतूनं ती खाचच थोडी बदलली. औषध ताठ, त्याला वाकता येईना, मग ते बाहेर ढकललं जातं. दळायचं जातं तेच, पण खुंट्याचं भोक बदललेलं. आम्हाला वाकून बसणारं औषध हवं होतं. एखादं संगणकावर बसायचं, बाटलीत बसायचं नाही. बाटलीत बसायचं, पाण्यात विरघळायचं नाही. विरघळायचं, पण माणसाच्या पेशींनाच मारायचं. एकेक रेणू करायला महिने जायचे आणि एका सकाळी कळायचं की वाया गेले. मी घरी येऊन भांडी आदळायचे.

तिसऱ्या साली दिवाळीनंतर एक रेणू बसला. काचपट्टीवर मी शोधशोध शोधलं, जिवंत एक दिसेना. वार कुठला होता ते न बघता आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, ये येळवशीला.

रानात सगळे होते. चुलते सकाळपासून कोप बांधत होते आणि माझ्याशी फार जपून बोलत होते. पांडवांपुढं नैवेद्य मांडला, आईनं आंबिलाचं मडकं उचललं आणि तिथंच थांबून माझ्याकडं वळली.

“समदं मेलं न्हवं?”

हो म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? कुणाला कळणार होतं? पण माझ्या तोंडातून हो निघेना. मी म्हणाले, त्या बाटलीतलं मेलं. पण त्यातलं थोडं आम्ही आधीच गोठवून ठेवलंय. दुसऱ्या एका बाटलीत त्याच औषधाच्या थोड्या थोड्या मात्रेत ते मुद्दाम वाढवतोय, कारण ते ह्या औषधालाही सरावणार. कसं सरावतं ते आधी कळलं तरच पुढचं औषध घडवता येतं. आणि पुढचं औषध ह्याच्यावरच करून बघावं लागणार.

आईनं मडकं खाली ठेवलं. चुलते दुसरीकडं बघायला लागले.

“मंजी कवाच मरायचं न्हाय त्ये.”

“नाही. मी आहे तोवर मी सांभाळीन. नंतर दुसरं कुणी.”

“आन रगात कुणाचं घालता?”

मी सांगितलं, रक्तपेढीतून येतं. कमी पडलं तर आमच्यातलेच, ज्यांचा गट चालतो ते देतात.

“तू दिलंस?”

“दिलं.”

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही उठून घरी चालू लागेल आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. भावाला रक्त चढवलं तेव्हा मी अजून वाटेतच होते, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. आईनं पदरानं तोंड पुसलं, मडकं परत उचललं आणि पूजा सुरू केली. रानात आंबील शिंपडून आली तेव्हा डोळे लाल होते. मग पानं वाढली. माझ्या पानात भज्जी वाढली, उंडे ठेवले, मी पुरे म्हणाले तरी आणखी एक ठेवला.

“खा,” ती म्हणाली. “त्याला पोसायचंय न्हवं? मग तुझ्या अंगात रगात नगं का?”