ताटातलं नाव

काशीतल्या पंचगंगा घाटाच्या गल्लीतले आमचे वकीलसाहेब व्हिसाची कामं करतात आणि तोंडात पान ठेवूनच सगळ्यांचं ऐकतात. अडचण साधी असली तर नुसत्या भुवया हलवतात. माझ्या जपानी सुनेचे कागद पाहून मात्र ते उठून पान थुंकून आले.

लग्नात ताटातल्या तांदळावर आम्ही तिचं नवं नाव लिहिलं, यामिनी. हौसेनं तेच विवाहनोंदणीतही घातलं. पासपोर्टवर मात्र युकी!

वकीलसाहेबांनी त्या ताटाचा फोटो मागवला, प्रतिज्ञापत्र केलं आणि स्वतः कचेरीत जाऊन आमची रीत समजावली. व्हिसा मिळाला. पेढे घेऊन मी गेले, तेव्हा हातातलं पान तसंच ठेवून ते मला म्हणाले, "माताजी, बहू का नाम तो अच्छा-भला था."

आता घरातही ती युकीच आहे.