भुऱ्याला कोण छळतं?

संशय घेतल्यावाचून ज्याच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नाही, आणि तरीही ज्याच्यावर रागवावंसं कधी वाटत नाही, असा माणूस मी एकच पाहिला: जळगावात आमच्या समोरच्या दारात राहणारे नाना. त्यांची सारी हयात सावद्याला केळीच्या बागेत गेली. त्यामुळे बाजारात ते केळी नाकाशी धरून विक्रेत्याकडे असे बघतात, की तो बिचारा न विचारताच शपथा घेऊ लागतो. आमच्याकडे चहाला आले तरी पहिल्या घोटालाच डोळे बारीक करतात. "आज इतकी साखर काहून टाकली? काही काम आहे का माह्याकडे?"

त्यांची बायको अक्का गेल्यापासून त्या घरात नाना आणि त्यांचा भुरकट कुत्रा भुऱ्या, दोघंच. नानांचा संशय नसलेला साऱ्या गल्लीतला तो एकमेव जीव. पण नाना सावद्याला शेतावर गेले, की भुऱ्या दिवसभर हेल काढून रडायचा. संध्याकाळी येऊन बघावं तर चप्पल कुरतडलेली, दाराला आतून ओरखडे, उंबऱ्याशी ओलं. नानांनी निदान केलं, की आपल्या पाठीमागं कोणीतरी घरात शिरून कुत्र्याला छळतं. त्यांनी दाराच्या आत पीठ भुरभुरून ठेवलं. त्यात भुऱ्याचेच पंजे उमटले. "चोर हुशार आहे," नाना म्हणाले, "भिंतीच्या कडेनं चालतो." मग भुऱ्याच्या रडण्याबद्दल कुरकुर केली होती म्हणून माझी बायको संशयित ठरली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की त्याला एकटं राहायची धास्ती वाटते, थोडी थोडी सवय लावा. बाहेर आल्यावर नाना माझ्या कानाशी लागले, "हा गडी आपल्याले येड्यात काढू राह्यला. कुत्र्याले कसली आली धास्ती?"

शेवटी त्यांनी सापळा रचला. पिशवी घेतली, कुलूप लावलं, जिना मोठ्यानं वाजवत खाली गेले, आणि अनवाणी वर येऊन आमच्या दारामागं दबा धरून बसले. समोरून आधी फटीशी हुंगल्याचा आवाज आला. मग नखांचा. मग तो लांबलचक सूर. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. नानांच्या हातातला चहा निवून गेला.

"तो मलेच बलावू राह्यला ना रे?" ते हळूच म्हणाले, आणि तसेच अनवाणी धावले.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांचा सल्ला सुरू झाला. पिशवी उचलायची आणि कुठंच जायचं नाही. कधी जिन्यापर्यंत जाऊन परतायचं, कधी कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत. या येरझारा पाहून गल्लीच नानांवर संशय घेऊ लागली. पण भुऱ्या हळूहळू शांत राहायला शिकला.

परवा धुळ्याच्या लेकीनं फारच आग्रह केला, म्हणून नाना भुऱ्याला आमच्याकडे सोडून तिच्याकडे मुक्कामाला गेले. संध्याकाळी फोन आला.

"रडला का?"

"नाही हो नाना. पोटभर जेवला, आता पाय पसरून झोपलाय."

मागून लेक हाका मारत होती, "नाना, ताट वाढलं!"

"जरा बी नाही रडला?"

मी घोरणाऱ्या भुऱ्याकडे पाहिलं. "रडला थोडा. तुमच्या दाराशी जाऊन बसला होता."

"हां," नाना म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकही उलटा प्रश्न न विचारता ते जेवायला उठले.