गुडघा नेमका कोणाचा?

माझ्या साडूंना साधा प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. त्यांचं पोटपाणीच त्यावर चालतं. एखाद्या उपचारावर जगभर झालेलं संशोधन थोड्या दिवसांत चाळायचं आणि सार डॉक्टरांना सांगायचं, याला म्हणतात रॅपिड रिव्ह्यू. त्यात आधी प्रश्नाची हद्द आखावी लागते, आणि साडू ती घरीही आखतात. बासुंदी कशी झालीय विचारलं, तर "कशाच्या मानाने?" मुलीसाठी स्थळ चांगलं आहे म्हटलं, तर "कोणाला, आणि किती वर्षांसाठी?" विचारणाऱ्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे, अशीच त्यांची नजर.

म्हणून राजूरला सासुरवाडीत जमलो असताना सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, हे त्यांच्यावर सोपवलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सोमवारपर्यंत नगरच्या डॉक्टरांना होकार-नकार कळवायचा होता. साडूंचं आपलं चालूच: "वय किती धरायचं? साखर असलेल्या बायका घ्यायच्या की वगळायच्या? तुलना गोळ्यांशी की व्यायामाशी?" शनिवार उजाडला तरी हद्दच आखून होईना. मेव्हणा माझ्या कानाला लागला, "थोरल्या दाजींना काय बी जमंना. नुसता येळ काढाय लागल्यात." खोटं कशाला बोलू, मलाही तोच संशय होता.

तेवढ्यात साडू उठून ओट्यावर गेले आणि सासूबाईंसमोर उकिडवे बसले. "आई, ऑपरेशन करून तुम्हाला काय जमायला हवंय?"

सासूबाई गडबडल्या. एक्स-रे सगळ्यांनी पाहिला होता. त्यांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. "दुखन्याचं काय न्हाई, ते चालायचंच," त्या म्हणाल्या. "बायका तांदूळ निवडाया बसत्यात ना, त्यांच्यात मला खाली बसता आलं पायजे. खुर्चीवर बसलं की त्या माझ्याशी पाव्हनीवानी बोलत्यात."

साडू लॅपटॉप घेऊन आत गेले ते रविवारी संध्याकाळी बाहेर आले. चेहरा उतरलेला. दुखणं मोजलेलं होतं, चालणं मोजलेलं होतं. मांडी घालून बसण्याबद्दल फारसं काही हाती लागलं नव्हतं. "दुखणं बहुतेक कमी होईल, आई. खाली बसण्याची खात्री मला देता येत नाही."

मेव्हणा काही बोलणार होता, पण सासूबाईंनीच त्याला हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुमी इचारलं तरी."

आम्ही नकार कळवला. सासूबाई अजून भिंतीला धरून बायकांच्यात खाली बसतात. उठताना दोघींना हात द्यावा लागतो, आणि त्या कण्हल्या की साडू गुपचूप घरात निघून जातात. तेव्हा त्या माणसासाठी माझा जीव फार तुटतो.